विंचू उतरविणारी सुई

आमच्या जामनेरकडे विंचवाने नांगी मारली की विंचू ‘चढला’ असे म्हणतात. कळ बोटातून निघून मनगट, कोपर करीत काखेपर्यंत जाते, आणि ती खाली आणणारा तो ‘विंचू उतरविणारा’. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा शब्दप्रयोग काही वावगा नव्हे. वेदना मज्जातंतूंच्या वाटेनेच वर जाते. मग वाटेवरच तिची नाकेबंदी केली तर?

१८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला. लवकरच न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड व त्याच्या सहकाऱ्यांनी तेच औषध मज्जातंतूपाशी टोचले, तेव्हा त्या तंतूच्या हद्दीतला सारा भाग बधिर झाला. किंमत मात्र जबर पडली : स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेडला कोकेनचे व्यसन जडले. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंस सुई देण्याच्या रीतीला जर्मनीतील ओबर्स्टचे नाव मिळाले. पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेनने लिग्नोकेन तयार केले. आज विंचूदंशावर टोचतात ते हेच.

मज्जातंतूच्या आवरणातील बारीक दारांतून सोडियम आत शिरते, म्हणून संदेश पुढे सरकतो. लिग्नोकेन ती दारे अडविते. बोटात विषाचा आगडोंब चालूच असतो, पण मेंदूला खबर पोचत नाही. पाच-दहा मिनिटांत विव्हळणारा माणूस चहा मागू लागतो! मांत्रिकाला रात्र काढावी लागे. बहुतेक दंश दिवसाभरात आपोआप निवतात, म्हणून त्यालाही यश येई.

परंतु सुईने वेदना उतरते, विष उतरत नाही. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून महाडजवळ बिरवाडीस लाल विंचवाचे रोगी रात्र-रात्र जागून पाहिले. दरदरून घाम, वांत्या, गार हातपाय ही लक्षणे दिसली की हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचण्याचे भय. आणि अशा रोग्यांची दंशाच्या जागची कळ पुष्कळदा सौम्यच असते. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात सुमारे तीस दगावत. रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीने ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. तेव्हा पोर रडायचे थांबले म्हणून आम्ही निर्धास्त होऊ नये; त्याचे हातपाय ऊन आहेत की गार, हे आधी चाचपावे.

२०११ साली सत्तर रोग्यांवरील अभ्यासात गोळीच्या जोडीला प्रतिविष दिले, तेव्हा रोगी अधिक लवकर सावरले.