दूरचित्रवाणी संच आणि प्रेक्षकाचा खासगीपणा : परवाना-पुस्तिकेपासून सक्तीच्या खात्यापर्यंत
(पुणे परिसर व भूगाव, ता. मुळशी यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याने पश्चिमेस निघाले की बावधननंतर भूगाव लागते. मानस तलाव, जुने गावठाण आणि गेल्या दोन-अडीच दशकांत उभी राहिलेली गृहसंकुले असे या गावाचे आजचे मिश्र स्वरूप आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा याच गावी भरली होती. मैदानात बसून कुस्ती पाहणारा प्रेक्षक हा गर्दीतील एक असतो. त्याने कोणती कुस्ती किती वेळ पाहिली, कोणती अर्ध्यावर सोडली, याची नोंद कोणी ठेवीत नाही. तोच प्रेक्षक घरी येऊन स्मार्ट टीव्ही लावतो, तेव्हा मात्र स्थिती पालटलेली असते. नवा संच सुरू करताना त्याने इंटरनेट जोडावे, अटी मान्य कराव्यात आणि ई-मेलच्या आधारे खाते उघडावे, अशी अपेक्षा असते. काही संच खात्याविना मर्यादित स्वरूपात चालतात; परंतु ज्या सोयींसाठी ग्राहकाने जास्तीचे पैसे मोजले, त्या बहुतांशी खात्यापलीकडेच असतात.

या बदलाकडे केवळ तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून पाहणे अपुरे ठरेल. प्रेक्षकाविषयी दोन गोष्टींची नोंद होऊ शकते : तो कोण आहे आणि तो काय पाहतो. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या इतिहासात या दोन नोंदी दीर्घकाळ परस्परांपासून वेगळ्या राहिल्या. खात्याची सक्ती असलेल्या स्मार्ट टीव्हीने त्या प्रथमच एकत्र आणल्या. ग्राहकाच्या खासगीपणाची खरी हानी या एकत्रीकरणात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय मार्गदर्शक तत्त्वे आणि सार्वजनिक झालेले निर्णय यांचा आधार घेतला आहे.

परवान्याचा काळ : नाव ठाऊक, पाहणे अज्ञात

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. त्या काळी संच बाळगण्यास परवाना लागत असे. १८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारयंत्र कायदा हे त्याचे मूळ होय. टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरून परवाना-पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागे. दूरचित्रवाणी संचासाठी हे शुल्क ५० रुपये होते. परवाना नसल्यास तपासनीस दंड करू शकत असे.

म्हणजे संच कोणाच्या घरी आहे हे शासनास नाव-पत्त्यासह ठाऊक होते. खासगीपणाच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. तथापि तिला एक नैसर्गिक मर्यादा होती. संच केवळ लहरी ग्रहण करी. परत काही पाठवीत नसे. शिवाय परवाना एकाच्या नावे असला तरी पाहणारे अनेक असत. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात 'रामायण' मालिका सुरू असताना एका संचासमोर शेजारपाजारची मंडळी दाटीवाटीने बसत, हे त्या पिढीच्या स्मरणात आहे. तोपर्यंत, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यास, परवाना-पद्धतीही रद्द झाली होती. संचाच्या मालकाची नोंदसुद्धा त्यामुळे थांबली.

केबलचा काळ : परिचय होता, नोंद नव्हती

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्ली केबलचे जाळे पसरले. या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९९५ मध्ये झाला. दरमहा पैसे घेण्यास येणारा केबलचालक ग्राहकास नावाने ओळखत असे. परंतु त्याची तार एकाच दिशेने वाहणारी होती. सर्व वाहिन्या सर्व घरांत एकाच वेळी जात. कोणत्या घरी बातम्या लागल्या आणि कोणत्या घरी चित्रपट, हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. ग्राहकाचा पूर्ण परिचय आणि त्याच्या पाहण्याचे पूर्ण अज्ञान असा हा विलक्षण संयोग होता.

प्रेक्षक-मापन : पाहणे ठाऊक, नाव गुप्त

पाहण्याची नोंद करण्याची गरज जाहिरातीतून निर्माण झाली. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनने प्रेक्षक-संशोधनासाठी रोजनिशीची पद्धत वापरली; निवडक कुटुंबे आपण काय पाहिले ते लिहून देत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात खासगी संस्थांनी निवडक घरांत 'पीपल मीटर' बसविले. पुढे २०१० मध्ये 'ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल' ही संस्था स्थापन झाली आणि २०१५ पासून तिची आकडेवारी प्रसिद्ध होऊ लागली.

या पद्धतीची तीन लक्षणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. मोजणी मोजक्या घरांपुरती होती. त्या घरांना तिची जाणीव व संमती होती. आणि त्यांची नावे गुप्त ठेवली जात. जानेवारी २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नमुना घरांची संख्या किमान २०,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने ५०,००० पर्यंत नेण्यास सांगितले. नमुना घरांची गुप्तता राखणे हेही मापन-संस्थेचे कर्तव्य मानले.

ही गुप्तता भंगली की काय होते, याचे दोन दाखले मुंबईतच मिळतात. २००१ मध्ये मुंबईतील मीटर-घरांची गोपनीय यादी बाहेर फुटली आणि संपूर्ण आकडेवारीच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह उमटले. ऑक्टोबर २०२० मध्ये, मीटर असलेल्या काही घरांना ठरावीक वाहिन्या सुरू ठेवण्यासाठी पैसे दिल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला. वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक मापन त्यानंतर मार्च २०२२ पर्यंत स्थगित राहिले. पुढे तो खटला मागे घेण्यास न्यायालयाने अनुमती दिली. आरोपांचे काहीही झाले तरी एक गोष्ट स्पष्ट होते. पाहणाऱ्याचे नाव आणि त्याचे पाहणे एकत्र कळले की त्याच्यापर्यंत पोहोचता येते आणि त्याच्यावर प्रभाव टाकता येतो, हे या व्यवसायातील सर्वांनाच ठाऊक होते. म्हणूनच नाव गुप्त ठेवण्याचा दंडक होता.

सेट-टॉप बॉक्स : अर्जाचे पुनरागमन

२०११ च्या दुरुस्ती कायद्याने केबलचे अंकीकरण सक्तीचे झाले. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२, पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी ३१ मार्च २०१३ आणि ग्रामीण भागासाठी शेवटी ३१ मार्च २०१७ अशा मुदती ठरल्या. पुण्याच्या वेशीवर असूनही ग्रामपंचायत असलेले भूगाव या शेवटच्या टप्प्यातील होते. प्रत्येक ग्राहकाने नाव, पत्ता व निवडलेल्या वाहिन्या लिहून अर्ज भरणे आवश्यक झाले. परवान्यानंतर सुमारे तीन दशकांनी प्रेक्षकाचे नाव पुन्हा एका यादीत आले. तरीही नोंद मुख्यतः काय विकत घेतले याची होती; काय पाहिले याची नव्हती.

स्मार्ट टीव्ही : संच पाहू लागतो

स्मार्ट टीव्हीने संच व प्रेक्षक यांचे नाते उलट केले. यातील मुख्य तंत्र आशयाच्या स्वयंचलित ओळखीचे आहे. पडद्यावरील चित्राचे वा ध्वनीचे सूक्ष्म नमुने थोड्या-थोड्या अंतराने घेतले जातात. त्यांपासून बोटांच्या ठशासारखी एक खूण तयार होते आणि ती कंपनीकडील संग्रहाशी ताडून कार्यक्रम ओळखला जातो. हे तंत्र संचातील ॲपपुरतेच मर्यादित राहते असे नाही. सेट-टॉप बॉक्स वा संगणक तारेने जोडला असतानाही ते चालू शकते, असे ब्रिटन, अमेरिका व स्पेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले.

याची जाणीव जगास टप्प्याटप्प्याने झाली. २०१३ मध्ये ब्रिटनमधील एका ग्राहकास आढळले की, त्याचा एलजी संच माहिती न पाठविण्याचा पर्याय निवडल्यावरही वाहिन्यांची नावे बाहेर पाठवीत होता. कंपनीने नंतर संगणकप्रणालीत सुधारणा केली. २०१५ मध्ये सॅमसंगच्या धोरणातील, संचासमोर बोललेले शब्द तिसऱ्या पक्षाकडे जाऊ शकतात या आशयाच्या सूचनेने खळबळ उडाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील व्हिझिओ कंपनीने तेथील केंद्रीय व्यापार आयोग व न्यू जर्सी राज्य यांच्याशी २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. सुमारे १ कोटी १० लाख संचांमधून ग्राहकांच्या नकळत क्षणाक्षणाची माहिती गोळा केल्याचा तिच्यावर आरोप होता. त्या माहितीस वय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती असे तपशील जोडून ती विकली जात होती, असे आयोगाचे म्हणणे होते.

यामागील अर्थकारणही स्पष्ट आहे. याच कंपनीच्या २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत जाहिरात व माहितीच्या विभागाचा ढोबळ नफा संचविक्रीच्या नफ्याच्या दुपटीहून अधिक होता. संच स्वस्त मिळतो याचे एक कारण येथे आहे. ग्राहक किमतीचा काही भाग रोखीने देतो आणि उरलेला आपल्या सवयींच्या रूपाने पुढील कित्येक वर्षे देत राहतो. दुसरा हप्ता मात्र पावतीवर लिहिलेला नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी वॉलमार्ट या किरकोळ विक्रीतील महाकाय उद्योगाने विकत घेतली. पाहण्याची नोंद आणि खरेदीची नोंद एकाच छताखाली येण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

भारतातील एक निर्णय येथे उल्लेखनीय ठरतो. स्मार्ट टीव्हीच्या प्रणालींतील गुगलच्या वर्चस्वाबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि एप्रिल २०२५ मध्ये २०.२४ कोटी रुपयांची तडजोड मान्य केली. त्यायोगे संच-उत्पादकांना गुगलच्या सेवा स्वतंत्रपणे घेण्याची मोकळीक मिळाली. हा निर्णय उत्पादकांच्या स्वातंत्र्यापुरता होता. खाते उघडावे की नाही, हे ठरविण्याचे ग्राहकाचे स्वातंत्र्य त्याच्या कक्षेत नव्हते.

खाते कोणाचे, पाहणारे कोण ?

मोबाइल एका व्यक्तीचा असतो. दूरचित्रवाणी संच कुटुंबाचा असतो. भूगावसारख्या गावात, जेथे गावठाणातील एकत्र कुटुंबे आणि संकुलातील छोटी कुटुंबे शेजारी नांदतात, तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो. घरातील मुलगा आपल्या ई-मेलने खाते उघडतो आणि 'मान्य आहे' हे बटण दाबतो. त्यानंतर आजीचे कीर्तन, वडिलांच्या बातम्या, सुनेची मालिका, नातवंडांची चित्रफीत आणि पाहुण्यांचा सामना हे सर्व त्या एका नावाखाली जमा होते. संमती एकाची आणि नोंद सर्वांची होते. प्रेक्षक-मापनाच्या काळात मीटर बसविताना कुटुंबास विचारले जाई. येथे कुटुंब गृहीत धरले जाते.

कायद्याची वाटचाल

खरकसिंग खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी अवैध ठरविल्या. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. ती मान्यता २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या एकमुखी निर्णयाने मिळाली.

ग्राहक चळवळीचा प्रवास समांतर आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले, तेव्हा वजन, माप, भेसळ आणि भाव हे मुख्य प्रश्न होते. त्या फसवणुकी तराजूत दिसत. खासगीपणाची हानी तराजूत दिसत नाही, म्हणून तिची तक्रारही क्वचितच होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली, ही या दिशेने महत्त्वाची पायरी होय.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते, तसेच ती आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, अर्थात मराठीतही, मिळण्याची सोय बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू करण्याची तरतूद त्यांत आहे. 'विनाअट' या एका शब्दावर सक्तीच्या खात्याची कसोटी लागणार आहे. खात्याशिवाय विकत घेतलेली वस्तू पूर्णपणे वापरता येत नसेल, तर त्या संमतीस विनाअट कसे म्हणावे ?

निष्कर्ष

१. परवान्याच्या काळात नाव ठाऊक होते, पाहणे नव्हते. मापनाच्या काळात पाहणे ठाऊक होते, नाव गुप्त होते. केबलने दोन्ही नोंदी टाळल्या. सक्तीच्या खात्याने दोन्ही एकत्र केल्या.

२. पूर्वीचे संरक्षण बहुतांशी कायद्याने नव्हे, तर एकमार्गी तंत्राने मिळालेले होते. तंत्र बदलताच ते संपले. म्हणून आता ते कायद्यानेच द्यावे लागेल.

३. अँटेना, सेट-टॉप बॉक्स व बाह्य साधने यांसाठी संच खात्याविना चालावा. आशय-ओळख मुळात बंद असावी आणि ती सुरू करण्याची निवड ग्राहकाची असावी. खाते सक्तीचे असल्यास तसे खोक्यावर, खरेदीपूर्वी दिसेल असे, मराठीत छापलेले असावे.

४. महाविद्यालयीन स्तरावर ग्राहक-शिक्षणात वजन-मापाबरोबर माहितीच्या हक्कांचा समावेश व्हावा. संच जुना झाल्यावर विकताना खाते पुसून टाकण्यासारख्या साध्या गोष्टीही त्यात याव्यात.

टपाल कार्यालयातील परवाना-पुस्तिका आज संग्राह्य वस्तू झाली आहे. तिच्या पानांवर मालकाचे नाव, भरलेले शुल्क आणि टपालाचा शिक्का एवढेच असे. त्या घराने काय पाहिले याचा एकही उल्लेख तीत नाही. घराच्या दिवाणखान्यात आपण काय पाहतो, याचा हिशेब मागण्याचा अधिकार त्या काळच्या सर्वशक्तिमान भासणाऱ्या शासनानेही घेतला नव्हता. तो आज वस्तू विकणाऱ्याने विक्रीची अट म्हणून घ्यावा काय, हा प्रश्न ग्राहकाने, न्यायालयांनी आणि अभ्यासकांनी विचारावयास हवा.