मधली पांढरी रेघ

टेबल टेनिसच्या टेबलावर लांबीच्या दिशेने मधोमध एक पांढरी रेघ असते. रुंदी अवघी तीन मिलिमीटर. एकेरीचा सामना चालू असताना तिला काहीही काम नसते. ती आखलेली असते केवळ दुहेरीसाठी. सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्या भागात टप्पा घेऊन समोरच्याच्या उजव्या अर्ध्या भागात तिरकी पडली पाहिजे, हे ती रेघ ठरवते. मुंबईच्या कचेऱ्यांमधल्या टेबल टेनिसचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याने या रेघेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

हा खेळ मुळात दिवाणखान्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत रात्रीच्या जेवणानंतर तो खेळला जाई. सेल्युलॉइडचा हलका चेंडू आल्यावर त्याचे वेड पसरले, काही वर्षांत ओसरले आणि पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा उसळले. 1926 साली आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापक सदस्यांमध्ये भारत होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनला झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत भारताचे खेळाडू उतरलेही होते.

मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष मात्र 1952. त्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियातली ती पहिलीच. जपानचा संघ या स्पर्धेत प्रथमच उतरला आणि सातपैकी चार विजेतेपदे घेऊन गेला. पुरुष एकेरी जिंकली हिरोजी साटो या चष्मेवाल्या खेळाडूने. त्याच्या बॅटवर जाड स्पंज होता. चेंडू बॅटला लागल्याचा ‘टक्’ आवाजच येत नसे, आणि त्या आवाजावर वेग जोखणारे युरोपचे भलेभले गोंधळून गेले. ही हकिगत सर्वांना ठाऊक असते. त्याच स्पर्धेतला पुरुष दुहेरीचा अंतिम सामना मात्र फारसा कुणाच्या आठवणीत नसतो. एका बाजूला होते रिचर्ड बर्गमन आणि जॉनी लीच. बर्गमनने चार वेळा आणि लीचने दोन वेळा जागतिक एकेरी जिंकलेली. म्हणजे एकाच जोडीत सहा अजिंक्यपदे. समोर जपानचे फुजी आणि हायाशी, एकेरीचे एकही जागतिक अजिंक्यपद नावावर नसलेले. जिंकले फुजी आणि हायाशी.

असे होऊ शकते याचे कारण दुहेरीच्या नियमात आहे. लॉन टेनिस किंवा बॅडमिंटनच्या दुहेरीत तरबेज खेळाडू जोडीदाराच्या वाट्याचा चेंडूही मारू शकतो. कच्च्याला कोपऱ्यात उभा करून सामना एकट्याने ओढून नेऊ शकतो. टेबल टेनिसमध्ये ती सोय नाही. जोडीतल्या दोघांनी आळीपाळीनेच चेंडू मारायचा. आपला फटका झाला की ताबडतोब बाजूला व्हायचे, जोडीदाराला जागा द्यायची. दोघांतला एक कितीही मोठा असो, निम्मे फटके दुसऱ्याचेच.

आता हा नियम एखाद्या कचेरीत आणून पाहा. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. खेळायला चार माणसे. एकवीस गुणांचे दोन-तीन गेम, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे. पावसाची अडचण नाही, मैदानाची गरज नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवला की एक सामना सहज होई. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या, नोकरभरती वाढली. फोर्टातल्या मोठ्या इमारतींत कॅन्टीनशेजारी कॅरमचे बोर्ड आणि एक हिरवे टेबल असलेली रिक्रिएशन क्लबची खोली दिसू लागली. वार्षिक स्पर्धेत दुहेरीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरत. चांगल्या खेळाडूंची एक यादी, बेताच्या खेळाडूंची दुसरी. दोन्हींतून एकेक चिठ्ठी. चिठ्ठीला हुद्दा नसतो. त्यामुळे साहेबाच्या जोडीला टायपिस्ट येई आणि हेडक्लार्कच्या जोडीला शिपाई.

माझे वडील अशाच एका बँकेत क्लार्क होते. 1983 सालच्या स्पर्धेत बेताच्या यादीतून त्यांची चिठ्ठी निघाली आणि चांगल्यांच्या यादीतून निघाले त्यांच्याच खात्यातले शिपाई. मूळचे साताऱ्याकडचे. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे. सकाळी सर्वांच्या आधी येऊन, टेबलाचा एक भाग उभा करून ते त्याच्यावर एकटेच सराव करत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणायचो.

अंतिम दिवस शनिवारचा. बँक अर्धा दिवस. बारानंतर व्यवहार बंद, मग दिवसाचा हिशेब जुळेपर्यंत सारे टेबलांवर, आणि दोनच्या सुमारास खोली भरली. कर्मचाऱ्यांची बायकामुले आली होती. कॅन्टीनमधून बटाटेवड्यांचा वास येत होता. पंचांच्या खुर्चीवर युनियनचे सेक्रेटरी. समोरच्या जोडीत एक अधिकारी, जिमखान्यात नियमित खेळणारे, आणि नुकताच लागलेला एक तरुण क्लार्क.

पहिला गेम त्यांनी घेतला, दुसरा वडील आणि मामांनी. तिसऱ्यात सुरुवातीपासून अधिकाऱ्यांचा प्रत्येक फटका वडिलांकडे येत होता. दुहेरीत कोणाचा चेंडू कोणाकडे जाणार याचा क्रम ठरलेला असतो, आणि वडिलांना ती फिरकी कळत नव्हती. सहा-दहा. पण निर्णायक गेममध्ये एक तरतूद असते. त्या काळच्या एकवीस गुणांच्या गेममध्ये एका जोडीचे दहा गुण झाले की बाजू बदलायच्या आणि सर्व्हिस घेणाऱ्या जोडीने आपला क्रमही बदलायचा. आता अकरा गुणांच्या गेममध्ये हेच पाच गुणांवर होते. यामागे साधा न्याय आहे: अवघड माणूस एकाच्याच वाट्याला कायम येऊ नये.

क्रम बदलला. आता अधिकाऱ्यांचे फटके मामांकडे जाऊ लागले आणि वडिलांकडे त्या तरुणाचे. वडील चेंडू नुसता परत टाकत होते. मारायचे काम मामांचे. मला आजही ऐकू येतो तो त्यांचा आवाज: “साहेब, मागं सरा!” “साहेब, बाजूला!” एरवी ज्या माणसाच्या तोंडी “हो साहेब” एवढेच असे, तो भरल्या खोलीत वडिलांना हुकूम देत होता आणि वडील तो मुकाट्याने पाळत होते. एकवीस-अठरा. दोघांनी हात मिळवले. मॅनेजरसाहेबांनी कप दिले, टाळ्या झाल्या. मग कुणीतरी म्हणाले, “चला, आता चहा होऊ द्या.” मामांनी आपला कप टेबलाच्या कोपऱ्यावर, बरोबर त्या मधल्या रेघेवर ठेवला आणि ते ट्रे आणायला गेले. त्यांना कुणी नाव घेऊन सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही.

त्याच वर्षी बँकांच्या व्यवस्थापनांनी संघटनांबरोबर यांत्रिकीकरणाचा पहिला करार केला. दशक संपता संपता लेजर पोस्टिंग मशीन आली, मग संगणक. 2000-01 मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. वडील त्यांच्यात होते. मामा त्याआधीच निवृत्त होऊन गेले होते. हिशेबाचे कागद घ्यायला वडिलांबरोबर मीही गेलो होतो. रिक्रिएशनच्या खोलीत सर्व्हर बसवायचे काम चालू होते. टेबल नव्हते. विजेत्यांच्या नावांचा लाकडी फलक जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवला होता. तेव्हा मला अशा गोष्टी टिपून ठेवायची सवय लागली होती, म्हणून मी वही काढली.

फलकावर पुरुष दुहेरीच्या रकान्यात 1983 समोर वडिलांची आद्याक्षरे आणि आडनाव होते. पुढे मामांचे नुसते पहिले नाव. मी रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. अधिकारी आणि क्लार्क सगळे आद्याक्षरे-आडनावासकट. शिपाई जिंकले होते त्या चारही वर्षी नुसते नाव. रंगाऱ्याने मुद्दाम केले असेल असे नाही. त्याला जशी यादी मिळाली तशी त्याने रंगवली.

परतताना लोकलमध्ये वडिलांना विचारले, “मामांचं आडनाव काय होतं?”

वडील बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. भायखळा गेले. मग म्हणाले, “विचारायची वेळच कधी आली नाही.”

नियम माणसांना एकमेकांसाठी बाजूला व्हायला लावू शकतो. वीस-पंचवीस मिनिटे त्यांना समान करू शकतो, आणि हे थोडे नाही. त्या इमारतीत दुसरी कुठलीच गोष्ट तेवढेही करत नव्हती. पण आडनाव विचारणे नियमात बसत नाही. ते माणसाने स्वतःहून करायचे असते. वडिलांनी केले नाही, आणि मामांनी आणलेला चहा त्या दिवशी मीही प्यायलो होतो.

पुढे निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेकडची यादी पाहायला मिळाली. तीत त्या पहिल्या नावाचे पाच शिपाई होते, पाचही आडनावांसकट. वडिलांना ती वाचून दाखवली. प्रत्येक आडनावाला ते थांबत, आठवून पाहत आणि मान हलवत. पाचवे झाल्यावर म्हणाले, “पुन्हा वाच.”