दंतमुळातील उष्णतानिर्मिती

दंतमुळातील उष्णतानिर्मिती म्हणजे दातावर उपचार करताना फिरत्या किंवा कंप पावणाऱ्या उपकरणांमुळे दाताच्या मुळाचे तापमान वाढणे होय. ही वाढ मर्यादेबाहेर गेल्यास दातातील मगज, मुळाभोवतालचे तंतुमय बंध आणि जबड्याचे हाड यांना इजा होऊ शकते. रूट कॅनल उपचारानंतर कॅपला आधार देणारा पोस्ट बसवण्यासाठी मुळात पोकळी कोरताना, तसेच जुना पोस्ट काढताना हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

कारणे

बर किंवा रीमर दाताच्या कठीण भागावर घासला जातो, तेव्हा यांत्रिक ऊर्जेचा काही भाग उष्णतेत रूपांतरित होतो. बोथट धार, जास्त दाब आणि न थांबता कोरणे यांमुळे उष्णता वाढते. दाताचा वरचा भाग कोरणारे एअरोटर हे उपकरण १९५७ पासून प्रचारात आले. ते मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेते. मात्र त्याच्या पाण्याचा फवारा थेट कोरण्याच्या जागी पडतो. मुळातील नलिका अरुंद व खोल असल्याने तेथे पाणी सहज पोहोचत नाही आणि भुकटीही अडकून राहते. डेंटिन हे उष्णतेचे मंदवाहक आहे. त्यामुळे मुळाची भिंत जाड असल्यास उष्णता बाहेर पोहोचण्यास वेळ लागतो. खालच्या पटाशीच्या दातांची मुळे सडपातळ असल्याने त्यांत धोका अधिक असतो.

धोक्याची मर्यादा

झॅक व कोहेन यांनी १९६५ मध्ये ऱ्हीसस माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मगजाचे तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांचा मगज पूर्ववत झाला नाही. एरिकसन व आल्ब्रेक्ट्सन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडावर केलेल्या प्रयोगांत, ४७ अंश तापमान एक मिनिट राहिल्यास हाडाला इजा होते असे आढळले. शरीराचे तापमान ३७ अंश धरून, मुळाच्या बाह्य पृष्ठभागावरील १० अंशांची वाढ ही सर्वसाधारणपणे धोक्याची मर्यादा मानली जाते.

रूट कॅनल झालेल्या दातात मगज नसतो आणि भोवतालचा भाग अनेकदा भूल देऊन बधिर केलेला असतो. त्यामुळे मूळ तापत असल्याची सूचना वेदनेतून मिळेलच असे नाही. हाडाची झीज, मुळाचे शोषण किंवा मूळ हाडाशी सांधले जाणे हे परिणाम कालांतराने दिसून येतात.

मोजमाप

बहुतेक मोजमापे काढलेल्या दातांवर थर्मोकपल किंवा अवरक्त कॅमेऱ्याच्या साहाय्याने केली जातात. जिवंत शरीरात रक्तप्रवाह काही उष्णता वाहून नेतो; म्हणून प्रयोगशाळेतील आकडे प्रत्यक्षापेक्षा अधिक असू शकतात.

प्रतिबंध

धारदार उपकरण, हलका दाब, कमी वेग, थांबत थांबत कोरणे आणि नलिका वारंवार धुणे हे मुख्य उपाय होत. पोस्ट काढण्यासाठी वापरले जाणारे अल्ट्रासॉनिक उपकरण पाण्याविना सलग चालवल्यास एका मिनिटाच्या आतही १० अंशांची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे पाण्याचा पुरवठा चालू ठेवणे आणि मध्ये मध्ये विराम घेणे आवश्यक असते.