पुण्याचा अर्ज आणि डोंगरचें रान

पुण्याच्या नारायण पेठेची एक बाजू मुठा नदीला लागलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां याच पेठेंतील वाड्यांत पाणी शिरलें. आणि डोंगरांत जें घडतें तें शहराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचतें, हा धडा पेठकऱ्यांस एका दिवसांत मिळाला. एरवीं हा संबंध सहसा ध्यानांत येत नाहीं. पेठेंतील नळास येणारें पाणी खडकवासला, पानशेत व वरसगांव येथील जलाशयांचें, आणि त्या जलाशयांचा पाणलोट सह्याद्रीच्या रानांतला. त्या डोंगरपट्ट्यांत महादेव कोळी, कातकरी व धनगर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले आहेत. तेव्हां रान राखावयाचें तें या लोकांना बाहेर काढून, कीं त्यांना बरोबर घेऊन, हा प्रश्न जितका डोंगराचा तितकाच पेठेचाही होय. आणि विशेष हें कीं, पुण्यानें या प्रश्नाचें उत्तर एकदां, फार पूर्वीं, लेखी दिलेलें आहे.

हिंदुस्थान सरकारनें १८६४ सालीं जंगलखातें स्थापिलें व डीट्रिच ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञास त्याचा पहिला मुख्य अधिकारी नेमिलें. आगगाडीच्या रुळांसाठीं लांकूड हवें होतें, आणि झाडें तर भराभर नाहींशीं होत होतीं. रान राखण्याची गरज खरीच होती. वाद होता तो राखणार कोण याविषयीं. १८७८ च्या कायद्यानें ‘राखीव’ जंगलांवर सरकारची सत्ता जवळजवळ संपूर्ण झाली, आणि गांवकऱ्यांचे जे वहिवाटीचे हक्क होते, ते पुष्कळ ठिकाणीं केवळ सवलती होऊन बसले.

हा कायदा होऊं घातला असतां, १८७८ च्या मार्च महिन्यांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे एक अर्ज धाडिला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनीं १८७० सालीं ही सभा स्थापन केली होती. अर्जांतील मुद्दा साधा होता. गांवकऱ्यांस हुसकून लावण्यापेक्षां त्यांस विश्वासांत घ्यावें. जें गांव आपल्या वांट्याचें रान राखील वा नवें लावील त्याचा गौरव करावा. मग गांवागांवांत चढाओढ लागेल, आणि लोकांपाशीं स्वतःचें रान असलें म्हणजे सरकारी रानासही धक्का लागणार नाहीं. सभेचे सभासद बहुतेक शहरांतले, शिकलेले वा मालमत्तेचे धनी; रानांत राहणाराचा आवाज तींत नव्हता. तरीही जें त्यांस दुरून दिसलें, तें सरकारास जवळून दिसलें नाहीं.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यानें गरीब कुणब्याचें चराऊ रान कसें हिरावलें, तें कडक शब्दांत मांडिलें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमणें भाग पडलें. गांवजंगलांची तरतूद कायद्यांत होती. १९२७ च्या कायद्यांतही ती राहिली. पण ती बहुतेक कागदावरच.

रान मात्र लोक राखीत होते, आणि त्याचा पुरावा देवरायांनीं दिला. १९७० नंतरच्या दशकांत वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं सह्याद्रींतील देवराया पायीं हिंडून पाहिल्या. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवीं काळकाईच्या राईवर कुऱ्हाड पडण्याची वेळ आली, तेव्हां गांवकऱ्यांचें म्हणणें एकच होतें, कीं राई गेली तर खालचा झरा आटेल. देवीचें भय आणि पाण्याचा हिशेब हीं दोन्हीं तेथें एकत्र नांदत होतीं.

कायद्यानें ही गोष्ट मान्य करावयास २००६ साल उजाडलें. त्या वर्षींच्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस सामूहिक हक्क दिले. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही २०११ सालीं ग्रामसभेच्या हातीं आला. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवानें तर याहून पुढचें पाऊल टाकिलें. तेंदूच्या पानांचा हंगाम चार पैसे देणारा खरा. पण त्यासाठीं फांद्या छाटतात, आगी लावितात, म्हणून गांवानें तो धंदाच सोडिला व बांबूवर उपजीविका बसविली. हातीं आलेलें उत्पन्न आपण होऊन सोडणें धन्यालाच सुचतें; नुसत्या राखणदाराला नव्हे.

आतां या प्रश्नास नवी निकड आली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण या महादेव कोळी वस्तीवर मुसळधार पावसांत डोंगर कोसळला व दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. कोणता उतार ढिला झाला, कोणता झरा सरकला, कोणती झाडें वाळूं लागलीं, हें प्रथम कळतें तें तेथें राहणारास; पावसाची मोजदाद असते ती शास्त्रज्ञापाशीं. गाडगीळ समितीनें २०११ च्या अहवालांत पश्चिम घाटाचा आराखडा ग्रामसभांना विचारून ठरवावा असें सुचविलें, तें याच कारणास्तव. त्यास राज्यांनीं विरोध केला, आणि २०१२ सालीं दुसरी समिती नेमली गेली.

सभेच्या अर्जापासून वनहक्क कायद्यापर्यंत १२८ वर्षें लोटलीं. त्या अवधींत जीं रानें गेलीं तीं कोणताही कायदा परत आणूं शकत नाहीं. तेव्हां एका शतकाचा विलंब सोसण्याजोगा वाटला असेल. पण पावसाळाच जेथें आपली रीत सोडूं लागला आहे, तेथें डोंगरास आतां तितका अवकाश उरलेला नाहीं.