उलट्या पंचांगाचा समुद्र

आजचा प्रश्न साधा, घरगुती आहे, पण त्याचं उत्तर इतिहासात आहे. दिवाळीची सुट्टी लागली आहे आणि घरात तीन-चार वर्षांचं मूल आहे. बेत असा की कुंभकोणमची देवळं पाहायची आणि मग साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पूम्पुहार किंवा तरंगंबाडीच्या समुद्रावर दोन दिवस काढायचे. पुण्याच्या, बेळगावच्या किंवा बडोद्याच्या मराठी घराला यात काही वावगं दिसत नाही. पाऊस तर गणपतीनंतर ओसरतोच, आणि वर किनाऱ्यावर खोल्या रिकाम्या, भाडंही कमी. मग इतक्या चांगल्या दिवसांत तो किनारा ओस का असतो?

कारण तो समुद्र आपल्या उलट पंचांगावर चालतो.

कोकणात जूनमध्ये समुद्र बंद होतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा उघडतो. शिवकाळातलं आरमारसुद्धा पावसाळ्यात खाड्यांच्या आसऱ्याला जाई. चोळमंडळाच्या किनाऱ्यावर नेमकं याच्या उलट होतं. तमिळनाडूच्या वर्षभराच्या पावसातला जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येकडून येतो. बंगालच्या उपसागरातली वादळंही याच काळात या किनाऱ्यावर आदळतात. फार मागे जायला नको. २०१८ मध्ये १६ नोव्हेंबरला, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आठ-नऊ दिवसांनी, ‘गाजा’ चक्रीवादळ नागपट्टणम आणि वेदारण्यमच्या मधे धडकलं.

शिडाच्या जहाजांच्या काळात हा नियम सगळ्यांना पाठ होता. या किनाऱ्याला कोकणासारख्या खोल खाड्या नाहीत. मोठी जहाजं उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत, आणि माल नि माणसं काथ्यानं शिवलेल्या ‘मसुला’ होड्यांतून किनाऱ्यावर येत. वादळ आलं तर लपायला जागा नाही. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत युद्धनौका किनारा सोडून जात. इंग्रजांची जहाजं पुष्कळदा कुठे जात, ठाऊक आहे? आपल्या मुंबईला. तिथलं बंदर सुरक्षित होतं आणि १७५० पासून दुरुस्तीसाठी कोरडी गोदीही होती. म्हणजे पूर्व किनाऱ्याचा बंद हंगाम हा मुंबईच्या गोदीचा कामाचा हंगाम होता!

जे थांबले त्यांचं काय झालं तेही नोंदलेलं आहे. सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंच सेनानी ला बुर्दोने यानं इंग्रजांकडून मद्रास जिंकलं आणि तो ऑक्टोबरातही तिथेच रेंगाळला. महिन्याच्या मध्यावर एका रात्रीच्या वादळानं त्याच्या आरमाराची दाणादाण उडवली, आणि उरलेली जहाजं घेऊन त्याला निघून जावं लागलं. १ जानेवारी १७६१ ला पाळी इंग्रजांची होती. पाँडिचेरीला वेढा घालून बसलेल्या त्यांच्या आरमारातली अनेक जहाजं वादळात गेली.

याहून जुनी एक गोष्ट पूम्पुहारची आहे. कावेरी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे चोळांचं बंदर. ‘शिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्यात इथल्या इंद्रोत्सवाचं वर्णन येतं. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास सुरू होणारा हा उत्सव, आणि त्याच्या अखेरीस सगळं नगर समुद्रस्नानाला लोटतं. कोवलन आणि माधवीही किनाऱ्यावर जातात. म्हणजे या किनाऱ्यावर सहलीला जायचा काळ त्या कवीलाही चैत्र-वैशाखाचा वाटत होता, कार्तिकाचा नाही.

त्याच माधवीची मुलगी ‘मणिमेकलै’ या पुढच्या काव्याची नायिका आहे. त्या काव्यात पूम्पुहार बुडाल्याची कथा येते. चोळ राजाचं तान्हं बाळ एका बेटावरून गलबतानं येत होतं. रात्री गलबत फुटलं आणि बाळ हरवलं. राजा त्याच्या शोधात इतका बुडाला की इंद्रोत्सव करायचा राहून गेला, आणि समुद्रानं नगर गिळलं. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण ती रचणाऱ्यांच्या मनात समुद्र, लहान मूल आणि चुकलेला उत्सव हे तिन्ही एकत्र बांधलेले होते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य टिकलं. त्यांच्यासोबत आणि नंतर आलेली कित्येक मराठी घरं कावेरीकाठी रुजली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच अशा एका मराठी घरात जन्मले. देशावरून आलेल्या या लोकांना इथे ऋतू नव्यानं लावून घ्यावे लागले. कारण जूनमध्ये इथे पाऊस येत नाही, नदी येते. जो नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोकणात कोसळतो, तोच कोडगूच्या डोंगरात पडतो आणि कावेरीतून कुंभकोणमला पोचतो. १९३४ मध्ये मेट्टूर धरण झालं. तेव्हापासून पाणीसाठा पुरेसा असला की १२ जूनला पाणी सोडायचा रिवाज आहे.

म्हणूनच आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, साधारण २-३ ऑगस्टला, कुंभकोणमची कुटुंबं घाटावर येतात. डब्यात चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात. लहान मुलं चिमुकले लाकडी रथ दोरीनं ओढत नदीकडे नेतात. आपल्याकडे भर श्रावणाच्या तोंडावर, घाटात दरडी कोसळत असताना, इथे मुलांना घेऊन पाण्यावर जायचा सण असतो.

मासेमारीच्या बंदीतही हेच दिसतं. यांत्रिक बोटींना पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून बंदी असते, तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. देश एक, सरकार एक, पण समुद्राची कुलपं वेगवेगळ्या दिवशी लागतात.

तेव्हा लहान मूल बरोबर असेल तर दिवाळीत कुंभकोणमची देवळं जरूर पाहा, मात्र समुद्राचे दोन दिवस हवामान खात्याचा इशारा वाचूनच ठरवा. शक्य असेल तर फेब्रुवारीत किंवा आडीत या. आडीत दुपारी ऊन कडक असतं, म्हणून सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात निघा. १६२० मध्ये रघुनाथ नायकानं डॅनिश लोकांना तरंगंबाडीत जागा दिली. त्यांचा डान्सबोर्ग किल्ला आजही समुद्रासमोर उभा आहे, आणि त्याच्या सावलीत मूल वाळूत खेळू शकतं. पाण्यात मात्र हात धरूनच, कारण ही खाडी नव्हे, उघडा समुद्र आहे.