घरमालकास सरकारचें साह्य

भाडेकरूच्या रक्षणासाठीं सरकारनें काय केलें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. घरमालकास काय साह्य केलें, हें मात्र क्वचितच विचारलें जातें. घरमालक म्हटला कीं, डोळ्यांपुढें धनाढ्य गृहस्थच उभा राहतो. परंतु अहमदनगरांत (२०२४ पासून अहिल्यानगर), माळीवाड्यांत किंवा कापडबाजाराच्या आसपास, वडिलार्जित वाड्याच्या दोन खोल्या भाड्यानें देऊन संसार चालविणारी विधवा हीहि घरमालकच होय.

पहिल्या महायुद्धांत घरांची टंचाई झाली, तेव्हां मुंबई सरकारनें १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा केला. तो तात्पुरता होता व पुढें संपुष्टांत आला. दुसऱ्या महायुद्धानें तीच आपत्ति पुन्हां आणिली आणि १९४७ चा कायदा जन्मास आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें, तेंच सामान्यतः ‘प्रमाण भाडें’ ठरलें. हाहि कायदा मुदतीचाच. पण मुदत वाढतां वाढतां तो २००० सालापर्यंत टिकला. दरम्यान लांकूड, चुना, गवंड्याची मजुरी, सर्व कांहीं महागलें. भाडें तेवढें गोठलें. दुरुस्तीचा भार मात्र मालकाच्याच शिरावर राहिला.

मुंबईच्या जुन्या चाळी कोसळूं लागल्या, तेव्हां १९६९ सालीं दुरुस्तीमंडळाचा कायदा झाला व उपकर बसवून त्यांच्या डागडुजीची सोय करण्यांत आली. नगरच्या वाड्यांस ती सोय नव्हती. डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें गोठविलेलें भाडें आतां न्याय्य राहिलें नाहीं, असा स्पष्ट अभिप्राय दिला. त्यानंतर १९९९ चा कायदा आला. त्यानें मालकास दरसाल शेंकडा ४ वाढ दिली. दहा रुपये भाडें असेल, तर पहिल्या वर्षाची वाढ चाळीस पैसे! प्राप्तिकरांतहि भाड्याच्या उत्पन्नावर शेंकडा ३० वजावट आहे. पण ज्याचें भाडेंच दहा रुपये, त्यास ती काय कामाची?

एका वर्गास मात्र सरकारनें खरा हात दिला. सैनिकास, त्याच्या वरिष्ठाचें प्रमाणपत्र सादर केल्यास, स्वतःच्या राहण्यासाठीं आपलें घर परत मिळविण्याचा विशेष हक्क कायद्यानें दिला आहे. १९४८ पासून रणगाडादलाचें केंद्र असलेल्या नगरास या कलमाचें महत्त्व सांगावयास नको.

भाडेकरूस आसरा देणें हें राज्याचें कर्तव्यच होय. त्याविषयीं आमचें दुमत नाहीं. इंग्लंडांत १९१५ सालीं भाडीं रोखलीं गेलीं, पण १९१९ च्या कायद्यानें सरकारी पैशानें घरें बांधण्याचें कामहि नगरपालिकांवर सोंपविलें. आपल्याकडे समाजानें करावयाचा धर्म एकट्या घरमालकाकडून करवून घेतला गेला. परिणाम व्हावयाचा तोच झाला: कोणी खोलीस कुलूप लाविलें, कोणी वाडा पडूं दिला. पडक्या वाड्यांत मालक राहत नाहीं, तसा भाडेकरूहि राहत नाहीं. दोघांपैकीं एकाचेंच रक्षण करूं पाहणारा कायदा अखेर कोणाचेंच रक्षण करीत नाहीं, हाच या इतिहासाचा बोध होय.