भूछत्राची अब्रू

नागपुरात दोन पाऊस झाले, की बागेतल्या पालापाचोळ्यातून काय उगवेल याचा नेम नाही. आंब्याखाली कुजत घातलेल्या पाल्यातून आधी एक अंडं डोकावतं आणि काही तासांत त्यातून असं काही उभं राहतं, की शेजारच्या काकू "काय बाप्पा हे!" म्हणत मान फिरवून आत जातात. शिवाय वास मेलेल्या उंदराचा. टोकावर हिरवट चिकटा, त्यावर माश्यांची झुंबड.

या कुळाची बदनामी जुनी आहे. १५६४ साली हाड्रियानुस युनियुस या डच वैद्यानं यातल्या एकावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. १७५३ मध्ये लिनियसनं त्याच्या एका भाईबंदाचं लॅटिनमध्ये बारसं केलं. त्या नावातला 'निर्लज्ज' हा शब्द त्यातल्या त्यात सभ्य. दुसरा चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पुढं चार्ल्स डार्विनची कन्या एट्टी टोपली आणि टोकदार काठी घेऊन, वासाचा माग काढत रानात हिंडायची आणि सापडलेली भूछत्रं दिवाणखान्याचं दार लावून गुपचूप शेकोटीत जाळायची. का, तर मोलकरणींच्या नीतीला धक्का लागू नये! हे तिच्या भाचीनं, ग्वेन रॅव्हरातनं, १९५२ साली आपल्या आठवणींत छापलं. बापानं माणसाचं नातं माकडाशी जोडलं. लेकीला एक भूछत्र पाहवेना!

त्या बिचाऱ्याचा गुन्हा काय? मेलेला पाला-लाकूड कुजवून माती करतं आणि आपले बीजाणू माश्यांच्या अंगाखांद्यावरून पुढं धाडतं. जिवंत झाडाच्या वाटेला जात नाही.

खरा चोर दिसतच नाही. १९१३ मध्ये जे. एफ. दस्तूर यांनी एरंडीवर एक रोगजंतू पकडला आणि 'फायटोप्थोरा पॅरासिटिका' असं त्याचं नाव ठेवलं. हेच दस्तूर पुढं नागपुरात मध्य प्रांत सरकारचे कवकतज्ज्ञ झाले. १९३५ साली त्यांनी या प्रांतातल्या पानवेलीच्या रोगांवर निबंध लिहिला. आपल्या संत्र्याचा डिंक्या रोग याच फायटोप्थोराच्या गोतावळ्याची करणी. बुंध्याशी पाणी साचलं की त्याचे बीजाणू चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. साल कुजते, डिंक गळतो, झाड वाळतं. ना छत्री, ना वास. आता तर शास्त्रज्ञांनी त्याला बुरशीच्या कुळातून काढून शेवाळाच्या नातलगांत बसवलंय. म्हणजे चोराचं आडनावसुद्धा इतकी वर्षं चुकीचंच!

बँकेत कारकुनी करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. काउंटरवर आरडाओरडा करणाऱ्या खातेदारामुळं बँक बुडत नाही. बुडवणारा हळू बोलतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि साहेबांच्या केबिनमध्ये चहा पितो.

तेव्हा ते भूछत्र राहू द्या. खाऊ मात्र नका. दोन-तीन दिवसांत ते आपणहून कोसळतं. कुदळ उचलायचीच असेल, तर संत्र्याजवळ चर खणून पाण्याला वाट द्या आणि पाला बुंध्यापासून हातभर लांब ठेवा. राहता राहिल्या काकू. त्यांना तेवढे दोन दिवस मागच्या दारानं जाऊ द्या.